डिक्टेशनमधील अनोळखी संज्ञा : विचारताना काय द्यावे, सांगताना काय तपासावे

धागाकर्ती

डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित डिक्टेशन ऐकून वैद्यकीय रिपोर्ट टंकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या या मंचावर अनोळखी संज्ञांविषयी विचारले जाणारे बरेच प्रश्न ‘हा शब्द काय असेल?’ एवढ्या एका ओळीचे असतात आणि त्यांना मिळणारी उत्तरेही एकेका शब्दाचीच असतात. असे उत्तर बरोबर असले तरी ते का बरोबर आहे हे विचारणाऱ्याला कळत नाही, आणि चुकीचे असले तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही; तो शब्द तसाच रिपोर्टात जातो आणि पुढचा डॉक्टर त्यावर विसंबून औषध लिहितो. म्हणून हा धागा काढत आहे. शब्द कान सुचवतो, पण तो पक्का करण्याचा अधिकार उरलेल्या रिपोर्टाचा असतो, असे माझे ठाम मत आहे आणि इथल्या प्रत्येक उत्तराने हा नियम पाळावा अशी माझी विनंती आहे.

एक नमुना घेऊ. रुग्णाची ओळख पटेल असे सर्व तपशील काढून टाकले आहेत. न्यूरॉलॉजीची डिस्चार्ज समरी आहे. रुग्णाला मेंदूच्या डाव्या बाजूला इस्केमिक स्ट्रोक झालेला असून उजव्या हातापायांत अशक्तपणा आहे. डॉक्टर म्हणतात की रुग्णाला बराच ‘डिसफेजिया’ आहे, परंतु शेवट ‘जिया’ आहे की ‘झिया’ हे वेग कमी करून ऐकले तरी उमगत नाही. ‘जी’ अक्षराने लिहिला जाणारा डिसफेजिया म्हणजे गिळताना होणारा त्रास आणि ‘एस’ने लिहिला जाणारा डिसफेझिया म्हणजे बोलण्यात किंवा भाषा समजण्यात आलेला अडथळा. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असतात, त्यामुळे ज्याला थोडेफार शरीरशास्त्र येते तो लगेच ‘एस’ लिहून मोकळा होतो. पुढच्याच वाक्यात स्पीच थेरपीचा सल्ला घेतल्याचा उल्लेख येतो, तेव्हा तर त्याची खात्रीच पटते. प्रत्यक्षात या दोन्ही खुणा निरुपयोगी आहेत. स्ट्रोकनंतर गिळण्याचा त्रासही नेहमी आढळतो, आणि गिळण्याची तपासणी करणारे व बोलण्यावर उपचार करणारे तज्ज्ञ बहुधा एकच असतात.

उत्तर दोन ठिकाणी सापडले. उपचारांच्या परिच्छेदात ‘मॉडिफाइड बेरियम स्वॉलो’ ही तपासणी आणि दाटसर केलेले द्रवपदार्थ देण्याची सूचना होती, तर न्यूरॉलॉजिकल तपासणीत बोलणे ओघवते असून वस्तूंची नावे सांगणे व वाक्य पुन्हा म्हणणे शाबूत असल्याचे नोंदवलेले होते. भाषा शाबूत आहे आणि गिळण्याची तपासणी झाली आहे, म्हणजे हा ‘जी’चा डिसफेजिया आहे. हा पुरावा त्याच डिक्टेशनमध्ये होता, फक्त तो अडलेल्या जागेच्या बराच पुढे होता. यावरून माझी पहिली सूचना अशी की अनोळखी शब्द आला की तिथे खूण करून पुढे जावे, रिपोर्ट शेवटपर्यंत ऐकावा आणि मगच प्रश्न विचारावा.

प्रश्न विचारताना पूर्ण वाक्य द्यावे. रिपोर्ट कोणत्या विभागाचा आणि कोणत्या प्रकारचा आहे, वाक्य कोणत्या शीर्षकाखाली आले आहे, आसपास कोणती औषधे, तपासण्या किंवा आकडे आहेत आणि डॉक्टरांनी तोच शब्द पुन्हा कुठे उच्चारला आहे का, हे सांगावे. ऐकू आलेला आवाज कृपया देवनागरीत लिहावा. रोमन अक्षरांत लिहिले की आपण नकळत एखादे स्पेलिंग गृहीत धरतो आणि उत्तर देणाराही त्याच स्पेलिंगच्या मागे जातो. देवनागरीत मात्र जे ऐकू आले तेच बऱ्यापैकी उतरते. ‘व्ह’ आणि ‘व’, ‘झ’ आणि ‘ज’, ‘ऍ’ आणि ‘ए’ यांतला फरक नीट दाखवला आणि आघात कोणत्या अक्षरावर होता हे सांगितले, तर अर्धे काम तिथेच होते.

नवशिकी

या धाग्याबद्दल मनापासून आभार. मी अलीकडेच प्रशिक्षण संपवून काम सुरू केले आहे. माझी अडचण अशी आहे की काही शब्द मला अगदी स्पष्ट ऐकू येतात आणि तरीही शब्दकोशात सापडत नाहीत. आजचे वाक्य असे आहे: पोटाच्या तक्रारीसाठी आलेला रुग्ण, शारीरिक तपासणीचे शीर्षक, गुदद्वाराच्या तपासणीत गाठ नाही, आणि त्यानंतर ‘स्टूल इज ग्वायक निगेटिव्ह’. ‘जी-डब्ल्यू’ने शोधले, ‘क्यू-यू’ने शोधले, काहीच मिळाले नाही.

शब्दशोधक

हा शब्द ‘जी-यू-ए-आय-ए-सी’ असा लिहितात. हे एका झाडाच्या राळेचे नाव आहे. शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधण्याच्या चाचणीत ती वापरतात. गुदद्वाराच्या तपासणीनंतर लगेच शौचाविषयी निगेटिव्ह किंवा पॉझिटिव्ह असे काही आले की बहुधा हीच चाचणी असते, त्यामुळे इथे वाक्याचा संदर्भही उच्चाराशी जुळतो.

तुमची अडचण मात्र या एका शब्दापुरती नाही. वैद्यकीय शब्दकोशात शोधताना पहिले अक्षर चुकले की शब्द सापडतच नाही, आणि ग्रीक मुळांच्या शब्दांत नेमके पहिले अक्षरच मुके असते. कंबरेच्या आतल्या बाजूचा स्नायू ‘सोअस’ असा ऐकू येतो, पण तो ‘पी-एस’ने सुरू होतो. पापणी खाली ओघळण्याला ‘टोसिस’ म्हणतात आणि डोळ्यातील पडद्यासारख्या वाढीला ‘टेरिजियम’. दोन्ही ‘पी-टी’खाली सापडतील. छातीच्या हाडाचे टोक, ‘झायफॉइड’, हे ‘एक्स’मध्ये असते. फुप्फुसातील घरघरीचे आवाज, ‘रॉन्काय’, ‘आर-एच’मध्ये आणि तुटक्या आकाराच्या तांबड्या पेशी, ‘शिस्टोसाइट’, ‘एस-सी-एच’मध्ये असतात. ‘यू’ ऐकू आला तर ‘ई-यू’ पाहावे. ‘यूथायरॉइड’ म्हणजे थायरॉइडचे काम सुरळीत असलेला. ‘न्यू’ ऐकू आला तर ‘पी-एन-ई-यू’ आणि ‘एन-ई-यू’ ही दोन्ही दारे ठोठावावी लागतात, कारण पहिल्यातून फुप्फुसाचे शब्द निघतात आणि दुसऱ्यातून मज्जातंतूंचे.

याहून अवघड प्रकार म्हणजे जिथे उच्चार पूर्णपणे एकच असतो. ‘इलियम’ हे ‘आय-एल-आय’ने लिहिले तर कंबरेचे हाड होते आणि ‘आय-एल-ई’ने लिहिले तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. इथे कान कितीही तयार असला तरी त्याचा उपयोग नाही. अस्थिरोपणासाठी हाडाचा तुकडा काढला असेल तर हाड, कोलोनोस्कोपीत नळी मोठ्या आतड्याच्या टोकापलीकडे गेली असेल तर आतडे, एवढाच निकष उरतो.

रात्रपाळी

धागा उपयुक्त आहे, परंतु एक व्यावहारिक बाजू मांडतो. मला ऑपरेटिव्ह नोट जास्त मिळतात आणि त्यांत उपकरणांची नावे डॉक्टर इतक्या सवयीने उच्चारतात की संदर्भावरून फारसे काही कळत नाही. सध्याचे वाक्य पाहा. उजव्या बाजूच्या इन्ग्वायनल (जांघेतील) हर्नियाची खुली शस्त्रक्रिया आहे. त्वचेला छेद दिल्यावर ‘बोव्ही’ने खोलवर गेल्याचे डॉक्टर सांगतात, मग ‘व्हीटलँडर’ लावला, एक्स्टर्नल ऑब्लिकचे ऍपोन्यूरोसिस (पोटाच्या स्नायूचे चिवट आवरण) तंतूंच्या दिशेने उघडले, नस ओळखून जपली आणि कॉर्डभोवती ‘पेन रोज’ घेतला. ‘बोव्ही’ मला ठाऊक आहे. उरलेल्या दोन्ही शब्दांचे काय करावे?

शस्त्रक्रिया-विभाग

संदर्भावरून फारसे कळत नाही, असे म्हणू नये. उपकरणाचे नाव कळले नाही तरी त्या क्षणी शल्यविशारदाला कशाची गरज आहे हे कळते, आणि त्यावरून उपकरणांचा गट ठरतो. इथे त्वचेखालचा थर उघडला आहे आणि पुढच्या थरावर काम करायचे आहे, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला धरून ठेवणारे साधन हवे. ते कोणी हाताने धरून बसल्याचा उल्लेख नाही, म्हणून स्वतःच अडकून राहणारा रिट्रॅक्टर. या गटात ‘व्हीटलँडर’च्या जवळचे नाव एकच आहे: ‘वाइटलानर’, स्पेलिंग ‘डब्ल्यू-ई-आय-टी-एल-ए-एन-ई-आर’. कात्रीसारख्या दोन मुठी, टोकांना बाहेर वळलेले दात आणि उघडल्यावर आहे त्या स्थितीत अडकवून ठेवणारी दातेरी पट्टी, अशी त्याची रचना असते. अनेक शल्यविशारद त्याचा उच्चार तुम्ही लिहिल्याप्रमाणेच करतात, त्यामुळे उच्चाराप्रमाणे स्पेलिंग केलेले रिपोर्टही फिरत असतात. जुना रिपोर्ट पुरावा म्हणून वापरताना हे ध्यानात ठेवावे.

दुसरा शब्द ‘पेनरोझ’ आहे, एक शब्द, पहिले अक्षर मोठे. ही मऊ रबरी नळी मुळात जखमेतील स्राव वाहून जाण्यासाठी आहे, पण हर्नियाच्या शस्त्रक्रियेत स्पर्मॅटिक कॉर्डभोवती (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीभोवती) ती गुंडाळून कॉर्ड हलकेच बाजूला ओढून धरतात. म्हणून ‘पेनरोझ ड्रेन’ असे डिक्टेट केले आणि रिपोर्टाच्या शेवटी ड्रेन ठेवला नाही असे आले, तर त्यात विसंगती नाही. कॉर्ड सोडवल्यावर ती नळी काढून टाकली जाते. हे मुद्दाम लिहितो, कारण अशी ‘विसंगती’ दुरुस्त करण्याच्या भरात रिपोर्ट बिघडवलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक. ‘बोव्ही’ हे विजेवर चालणारे कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे साधन विल्यम बोव्ही यांच्या नावाने ओळखले जाते. हार्वे कुशिंग यांनी १९२६ साली ते मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. व्यक्तिनाम असल्यामुळे त्याचेही पहिले अक्षर मोठे लिहायचे. ‘मेट्झ’ म्हणजे मेट्झेनबॉम कात्री. टाक्यांच्या धाग्याचा आकार ‘थ्री ओ’ असा ऐकू आला तर तो तीन, आडवी रेघ, शून्य असा लिहावा, ‘ओ’ अक्षर लिहू नये.

रात्रपाळी

आभारी आहे. दोन्ही शब्द पुढच्या वाक्यांशी जुळतात.

औषध-यादी

संदर्भाने गट ठरवण्याची वर सांगितलेली रीत औषधांना तर तंतोतंत लागू पडते, कारण औषधांच्या मूळ नावांचे शेवट ठरावीक असतात. जागतिक आरोग्य संघटनेची अशी नावे ठरवण्याची पद्धत १९५३ पासून अमलात आहे. ‘ओलॉल’ने संपणारे बीटा ब्लॉकर, ‘प्रिल’ने संपणारे एसीई इन्हिबिटर, ‘सार्टन’, ‘ग्लिप्टिन’, ‘फ्लॉक्सासिन’ हे असेच आपापल्या गटाचे. शब्दाचा फक्त शेवट ऐकू आला तरी यादी पाचदहा नावांवर येते आणि मग रुग्णाचा आजार व डोस यांवरून निवड करता येते. मात्र या शेवटांवर आंधळा विश्वास ठेवू नये. निस्टॅटिनचा शेवट कोलेस्टेरॉलवरच्या ‘स्टॅटिन’ गटासारखा आहे, पण ते बुरशीवरचे औषध आहे. अरिपिप्राझोलचा शेवट ऐकून आम्लपित्ताच्या यादीत शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही, कारण ते मानसिक आजारांवर दिले जाते.

डोस हा सगळ्यांत प्रामाणिक साक्षीदार आहे, असे मी मानते. ‘क्लोनिडीन’ आणि ‘क्लोनोपिन’ कानाला जवळजवळ सारखे लागतात. पहिल्याच्या साध्या गोळ्या ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिग्रॅमच्या, दुसऱ्याच्या ०.५, १ आणि २ मिलिग्रॅमच्या. ‘सेलेब्रेक्स’ आणि ‘सेलेक्सा’ यांत गोंधळ झाला तर पहिल्याचा डोस बहुधा १०० किंवा २०० मिलिग्रॅम असतो आणि दुसऱ्याचा २० किंवा ४०. पण हा साक्षीदारही कधी कधी गप्प राहतो. ‘हायड्रॅलझिन’ आणि ‘हायड्रॉक्सिझिन’ ही दोन्ही औषधे २५ मिलिग्रॅममध्ये येतात आणि दोन्ही दिवसातून अनेकदा दिली जातात. पहिले रक्तदाबासाठी आहे, दुसरे खाज आणि अस्वस्थतेसाठी. अशा वेळी औषध कशासाठी दिले आहे हे रिपोर्टात सापडले तरच नाव लिहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली अशा जोड्यांची नावे वेगळी दिसावीत म्हणून मधली अक्षरे मोठी छापण्याची पद्धत सुरू केली, त्या यादीत ही जोडी आहे. नावातला सारखेपणा इतका घातक ठरू शकतो की काही औषधांची व्यापारी नावेच बदलावी लागली आहेत: अमेरिकेत ‘लोसेक’चा ‘लॅसिक्स’शी घोळ होत असल्याने १९९० साली त्याचे ‘प्रायलोसेक’ झाले आणि २०१६ साली ‘ब्रिंटेलिक्स’चे ‘ट्रिंटेलिक्स’ झाले, कारण ते ‘ब्रिलिंटा’शी मिळतेजुळते होते. छापील नाव वाचणाऱ्या फार्मासिस्टची ही गत असेल, तर नुसत्या आवाजावर काम करणाऱ्या आपल्याला किती सावध राहिले पाहिजे!

रात्रपाळी

हे सर्व मान्य आहे, परंतु प्रत्येक वेळी पुरावा मिळतोच असे नाही. आमच्याकडे रिपोर्टातील प्रत्येक रिकाम्या जागेमागे गुण कापले जातात आणि महिन्याचा दर्जा घसरला की मोबदल्यावर परिणाम होतो. शब्द नव्वद टक्के बरोबर वाटत असेल तर तो लिहावा, असे माझ्यासारख्या अनेकांना वाटते. शेवटी डॉक्टर स्वाक्षरीपूर्वी वाचतातच.

गुणतपासणी

हा विचार ज्या दबावातून येतो तो खरा आहे आणि रिकाम्या जागेला सरसकट दंड लावणारी पद्धत मला चुकीची वाटते. तपासणीच्या कामात असून मी हे जबाबदारीने म्हणते. आवाज खरोखरच अस्पष्ट असेल तर रिकामी जागा हा दोष धरला जाऊ नये आणि यासाठी आपण सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी लेखी आग्रह धरला पाहिजे. पण त्या दबावाचा भार रुग्णाच्या रिपोर्टावर टाकता येणार नाही. रिकामी जागा वाचणाऱ्याला थांबवते. शुद्ध स्पेलिंगचा चुकीचा शब्द त्याला थांबवत नाही, आणि डॉक्टरही स्वाक्षरी करताना आपण जे बोललो तेच वाचत आहोत अशा समजुतीने वाचतात.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातील एक प्रकरण या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. डॉक्टरांनी इन्सुलिनचे ८ युनिट डिक्टेट केले होते, ट्रान्स्क्रिप्शनमध्ये ते ८० झाले, आणि तो डोस दिला गेल्यानंतर त्या महिलेचा २००८ साली मृत्यू झाला. २०१२ साली ज्यूरीने तिच्या कुटुंबाला १४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. तिथे शब्द अनोळखी नव्हता; आकडा रोजचाच होता. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘एट’ आणि ‘एटी’ यांचा गोंधळ संज्ञांच्या गोंधळापेक्षा जास्त वेळा होतो आणि त्याविषयी विचारायला कोणी येत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. डोसचा आकडा औषधाच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला की तो अनोळखी शब्दाइतकाच संशयास्पद मानावा. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली निषिद्ध खुणांची जी यादी लागू केली, तिच्यात पूर्णांकापुढे दशांश देऊन शून्य लिहिणे आणि दशांशाआधीचे शून्य गाळणे हे दोन्ही आहे. ‘युनिट’साठी नुसते ‘यू’ लिहिणेही आहे, कारण घाईत तो ‘यू’ शून्यासारखा दिसतो. त्या यादीमागचे कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

रिकामी जागा सोडतानाही ती बोलकी करता येते. डिक्टेशनमधील नेमकी वेळ नोंदवावी, ‘साउंड्स लाइक’ असे लिहून ऐकू आलेला आवाज द्यावा आणि दोन पर्यायांत निवड होत नसेल तर तपासनिसासाठीच्या टिपेत दोन्ही पर्याय लिहावेत. अशी टीप आली की मला त्या जागी थेट जाता येते. डॉक्टर स्वतःच चुकीचे बोलले असतील तेव्हाही हीच रीत. ‘हायपरकॅलिमिया’ (रक्तातील पोटॅशियम वाढणे) म्हणाले आणि पोटॅशियम २.८ सांगितले, तर दोन्हींपैकी एक चूक आहे, कारण पोटॅशियमची नेहमीची मर्यादा साधारण ३.५ ते ५ असते. शब्द चुकला की आकडा, हे आपण ठरवायचे नाही. रुग्णाला पोटॅशियम दिल्याचे पुढे आले तरीही निर्णय डॉक्टरांचाच. आपण ते वाक्य त्यांच्या नजरेस आणून द्यायचे.

ड्राफ्ट-संपादक

मी आता बहुतांश काम संगणकाने तयार केलेल्या मसुद्यांचे संपादन म्हणून करतो. तिथे अनोळखी शब्दाचा प्रश्नच वेगळ्या रूपात येतो, कारण यंत्र सहसा रिकामी जागा सोडत नाही. ते काहीतरी लिहितेच, आणि लिहिलेला प्रत्येक शब्द शब्दकोशातला असतो. ‘अफेब्राइल’ म्हणजे ताप नसलेला. तोच शब्द ‘अ फेब्राइल’ असा दोन तुकड्यांत लिहिला गेला की ताप असलेल्या रुग्णाचे वर्णन तयार होते. ‘एसिम्प्टोमॅटिक’चेही (लक्षणे नसलेला) तसेच. ‘नो’ हा छोटा शब्द श्वासात हरवला की नसलेले छातीतले दुखणे असलेले होते. ऍबडक्शन आणि ऍडक्शन यांसाठी काही डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असे अक्षरे फोडून सांगतात; ज्यांना ही सवय नाही, त्यांच्या डिक्टेशनमध्ये खांद्याची हालचाल किती अंशांची सांगितली आहे हे पाहावे. शरीरापासून दूर नेताना (ऍबडक्शन) हात १८० अंशांपर्यंत जातो, शरीराकडे आणताना (ऍडक्शन) तो इतका जाऊच शकत नाही. म्हणून माझी विनंती आहे की मसुद्यात शब्द छापलेला आहे एवढ्यावरून तो ‘ओळखीचा’ समजू नये. डोळ्यांनी वाचण्याआधी कानाने ऐकावे.

‘पेरोनियल’ आणि ‘पेरिनियल’ यांचाही उल्लेख करायला हवा. पहिला शब्द पोटरीच्या बाहेरच्या बाजूचा, दुसरा जननेंद्रिय व गुदद्वार यांच्या मधल्या भागाचा. हा गोंधळ जगभरचा आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेने पहिल्यासाठी ‘फिब्युलर’ हा शब्द पुढे केला. डॉक्टर मात्र अजूनही सर्रास जुनाच शब्द वापरतात. त्यांनी ‘पेरोनियल’ म्हटले असेल तर तेच लिहायचे, आपण त्याचे आधुनिकीकरण करायचे नाही.

धागाकर्ती

चर्चा चांगली चालली आहे, म्हणूनच एक गोष्ट आताच स्पष्ट करते. मदत मागताना रुग्णाचे नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, भेटीची तारीख, डॉक्टर किंवा रुग्णालयाचे नाव यांपैकी काहीही देऊ नये. आवाजाचा तुकडाही कधीच जोडू नये, अगदी दोन सेकंदांचा असला तरी. अमेरिकेतील रिपोर्टांना १९९६ च्या हिपा कायद्याखालील गोपनीयतेचे नियम लागू आहेत, आणि कायदा नसता तरी रुग्णाने ती माहिती फक्त त्याच्या डॉक्टरला सांगितलेली असते. नाव काढले म्हणजे ओळख पुसली गेली असेही नाही. अतिशय दुर्मीळ आजार, रुग्णाचे वय आणि व्यवसाय एकत्र आले की जाणणारा जाणतो. वाक्यातील संज्ञेला आवश्यक तेवढाच संदर्भ द्यावा.

नवशिकी

वरील सर्व प्रतिसाद वाचल्यानंतर आज पुन्हा एका शब्दावर अडले, तेव्हा तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने प्रश्न मांडते. कार्डिऑलॉजीची कन्सल्टेशन नोट आहे. रुग्णाला अचानक दम लागू लागला आहे. वाक्य असे: ‘देअर इज अ फ्लेल पोस्टीरियर लीफलेट विथ रप्चर्ड कॉर्डी’, आघात पहिल्या अक्षरावर, शेवटी लांब ‘ई’. त्यापुढे मायट्रल रिगर्जिटेशन तीव्र असल्याचे आहे. पुढे एकदा तोच शब्द ‘टेन्डिनी’सह येतो. मी आधी व्होकल कॉर्डप्रमाणे ‘सी-ओ-आर-डी’ लिहिले होते, पण शब्दकोश ते स्वीकारत नाही. त्याच परिच्छेदात ‘पी टू’ असेही ऐकू येते. त्याच नोटमध्ये आधी हृदयाच्या आवाजांच्या वर्णनात ‘पी टू’ आले होते, म्हणून ते तसेच लिहावे असे वाटते. हे बरोबर आहे का?

शब्दशोधक

प्रश्न उत्तम मांडला आहे. हृदयातील मायट्रल झडपेच्या पाकळ्यांना खालून धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांना ‘कॉर्डी टेन्डिनी’ म्हणतात. दोरी तुटली की पाकळी सैल होऊन मागे उलटते, यालाच ‘फ्लेल’ म्हणतात, आणि रक्त मागे वाहू लागते, तेच रिगर्जिटेशन. म्हणून फ्लेल पाकळी, तुटलेली कॉर्डी, तीव्र रिगर्जिटेशन आणि अचानक लागलेला दम ही साखळी पूर्ण जुळते. इथे स्पेलिंग ‘सी-एच-ओ-आर-डी-ए-ई’ आहे. व्होकल कॉर्ड, स्पायनल कॉर्ड, स्पर्मॅटिक कॉर्ड यांना ‘एच’ लागत नाही. दुसऱ्या शब्दात ‘एन’नंतर ‘ई-ए-ई’ येते; त्यातले पहिले ‘ई’ गाळण्याची चूक फार आढळते.

‘पी टू’बद्दल मात्र थांबा. तपासणीच्या शीर्षकाखाली ते हृदयाच्या दुसऱ्या आवाजातील पल्मोनरी झडपेच्या भागाचे नाव आहे. इकोकार्डिओग्रामच्या वर्णनात तेच नाव मायट्रल झडपेच्या मागच्या पाकळीच्या मधल्या भागाला दिलेले असते. त्या पाकळीचे पी वन, पी टू आणि पी थ्री असे तीन भाग मानतात. तुमचे वाक्य कोणत्या शीर्षकाखाली आहे आणि ‘पी टू’च्या आधी-नंतर कोणते शब्द आहेत?

नवशिकी

परिच्छेद इकोकार्डिओग्रामच्या शीर्षकाखालीच आहे. पुन्हा ऐकले, ‘पी टू’नंतरचा शब्द ‘स्कॅलप’ आहे. तो मी आधी ‘स्काल्प’ समजून रिकामा सोडला होता.

शब्दशोधक

मग तो पाकळीचाच भाग आहे. पाकळीच्या या कमानदार भागांना ‘स्कॅलप’च म्हणतात, स्पेलिंग ‘एस-सी-ए-एल-एल-ओ-पी’. दोन्ही जागा भरता येतील. आधीच्या परिच्छेदातील ‘पी टू’ हृदयाच्या आवाजाचेच आहे, ते बदलू नका.